दुसऱ्या कैचीखालची जागा

बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'वास्तुविशारद' असं लिहायचे. खिडकीपलीकडचा माणूस हमखास विचारायचा, "म्हणजे घरं बांधता का मॅडम?"

"नाही. मोजते."

"कुणाची?"

"घरं नाही, जुनी चर्च मोजते."

यावर तो माझ्या आडनावाकडे बघायचा. आडनाव पक्कं लिंगायत. मग माझ्याकडे बघायचा आणि पुढचा प्रश्न गिळून शिक्का मारायचा. माझ्या आईनं मात्र गिळला नाही. पहिल्या महिन्यातच तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत विचारलं, "सिद्धेश्वराच्या गावात जन्मलीस आन् तुला मोजायला त्येंचीच देवळं गावली व्हय? ब्याड गं, ब्याड. नको हे." तिला वाटलं मी धर्म बदलणार. मी बदलला नाही, पण अठरा वर्षं दुसऱ्यांच्या देवळात काढली हे खरं. त्यातली सात वर्षं इंगरबाईंबरोबर आणि अकरा एकटीनं.

काम काय असतं ते आधी सांगते. एखादी जुनी इमारत उद्या पडली, पाडली, किंवा दुरुस्तीला निघाली, तर ती मुळात कशी होती हे कागदावरून कळायला हवं. त्यासाठी तिची प्रत्येक भिंत, खिडकी, पायरी मोजायची आणि नकाशे काढायचे. कांदा उभा चिरला की आतले पापुद्रे दिसतात, तसा इमारतीचा उभा चिरलेला नकाशाही काढायचा; त्याला छेद म्हणतात. छताला आधार देणारी लाकडी त्रिकोणी चौकट असते, तिला आमच्यात कैची म्हणतात. शिडीवर चढून तीही मोजायची, लाकडात टोचणी खुपसून बघायची, की आत लाकूड आहे का नुसता भुगा. सगळं झालं की इमारतीच्या तब्येतीचा अहवाल लिहायचा. एवढंच काम. यात कुणी टाळ्या वाजवत नाही. बहुतेक वेळा तिथं कुणी नसतंच.

इंगरबाई डेन्मार्कच्या. तिकडच्या खेड्यांतली चर्च मोजण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. नवरा वारल्यावर एका परदेशी निधीचं काम घेऊन त्या सोलापूर भागातली लहान चर्च नोंदवायला आल्या. तीन महिन्यांसाठी. मी तेव्हा एका ऑफिसात बंगल्यांचे मंजुरीचे नकाशे काढत होते, चाळिशी ओलांडलेली, लग्न न झालेली. त्यांना मराठी आणि कानडी दोन्ही येणारं माणूस हवं होतं. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्यानं त्यांना नाव विचारलं. "इंगर," त्या म्हणाल्या. "ते दिसतंयच की," तो म्हणाला, "इंग्रज हाय ते. नाव काय?" पुढं सात वर्षं गावोगाव त्या 'इंग्रजबाई'च राहिल्या. सुरुवातीला त्या खुलासा करत. नंतर त्यांनीच नाद सोडला.

त्यांच्या हाताखालचा माझा पहिला दिवस कुंभारीच्या बाजूच्या एका लहानशा चर्चमध्ये गेला. मी भराभर मापं लिहिली आणि वही त्यांना दिली. त्यांनी बघितली आणि विचारलं, "ही खोली काटकोनात आहे हे तुला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. चार भिंती दिसल्या, मी चौकोन काढला. त्यांनी मला टेपचं एक टोक धरून एका कोपऱ्यात उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन त्या समोरच्या कोपऱ्यात गेल्या. मग दुसरे दोन कोपरे. काटकोनी खोलीत ही दोन्ही मापं सारखी येतात; इथं चांगला वीतभर फरक. खोली तिरकी होती. शंभर वर्षं त्यात लोक बसत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. "जे मोजलं नाही ते काढायचं नाही," त्या म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या, पण एवढ्या हळू की मला रागावल्यासारखंच वाटलं.

तीन महिन्यांची सात वर्षं कशी झाली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्याच गल्लीत त्यांनी माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिलं वर्ष मी अहो-जाहो केलं. मग एक दिवस त्या म्हणाल्या, आमच्या भाषेत राजा सोडून सगळ्यांना अरे-तुरेच करतात, तू हे बंद कर. तेव्हापासून ती इंगर झाली.

ती फार कमी बोलायची. एसटीनं जायचं, दिवसभर मोजायचं, दुपारी भिंतीच्या सावलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची, परत यायचं. कधीकधी दिवसभरात आमच्या दोघींमध्ये आकड्यांशिवाय काहीच बोलणं होत नसे. मी मोठ्या घरात वाढलेली. सुरुवातीला मला ती शांतता अंगावर यायची. नंतर सवय झाली, आणि नंतर मला घरचा गलका सोसेना. या धंद्यानं माझं केलेलं हे एक नुकसान. भरून काही निघालं नाही.

गमतीची माणसं भेटली. चिंचोळी एमआयडीसीत कारखाना असलेले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि आम्ही मोजलेल्या चर्चच्या खिडक्या "तशाच्या तशा, फक्त दुप्पट" हव्या होत्या. इंगरनं त्यांना नकाशे फुकट दिले. कार्यालय झालं. मी तिथं दोन लग्नांना जेवले आहे. खिडक्या खरंच दुप्पट आहेत आणि प्रत्येकीत एसीचं यंत्र बसवलंय.

पण एकदा फार वाईट झालं. केमच्या बाजूला रुळाजवळ एक छोटं चर्च होतं. गिलावा आतून सुटलाय का हे कळायला भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून ऐकावं लागतं. आम्ही दोन दिवस भिंती वाजवत होतो आणि खिडकीतून गाव बघत होतं. पुढच्या आठवड्यात गेलो तर वेदीपुढच्या फरशा उखडलेल्या, हातभर खड्डा. इंग्रजबाई गुप्तधन शोधतीय, अशी बातमी झाली होती. कुणी खणलं ते कधीच कळलं नाही. इंगर त्या खड्ड्याच्या काठावर किती तरी वेळ उभी होती. मग तिनं खड्डाही मोजला. मला त्या वेळी तिचा संताप आला. आपल्यामुळं झालेलं नुकसानही ही वहीत लिहून घेते!

आता रूथमावशीची गोष्ट. खरं तर तेवढीच सांगायची होती.

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं काळ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं एक चर्च. एके काळी पन्नासेक घरांची मंडळी होती. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी सोलापुरात, मावशीची दोन्ही मुलं चिंचोळीला कामाला लागून तिकडंच राहिली. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, यायचे बंद झाले. उरली फक्त रूथमावशी. तिचा नवरा चर्चची देखभाल करायचा. तो गेल्यावर किल्ली हिच्याकडे आली. वितीएवढी लोखंडी किल्ली ती कमरेला खोचून हिंडायची. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, पण चालणं असं की आम्हाला मागं टाकायची.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. दार उघडं. आत मावशी एकटी बाकावर बसली होती आणि मोठ्यानं स्तोत्र म्हणत होती. त्यांच्याकडे एक ओळ पाळक म्हणतात, पुढची ओळ मंडळी म्हणते. मावशी पहिली ओळ जाड आवाजात म्हणायची, थांबायची, आणि दुसरी आपल्या आवाजात. दोन्ही बाजू एकटीच. आम्ही दारातच थबकलो. इंगरनं मला विचारलं, "हिला उत्तर कोण देतंय?" मी म्हटलं, "तीच."

सगळं झाल्यावर मावशीनं मागं वळून बघितलं. "कवापासून हुब्या हाय? आत यायचं न्हाय व्हय? बाकडी काय मोजून ठिवलीत?"

"आम्ही मोजायलाच आलोय मावशी," मी म्हटलं.

"मोजा की मग. पर जरा बसून मोजा."

पुढच्या रविवारी काम नव्हतं. तरी इंगर सकाळच्या एसटीनं एकटीच गेली. आल्यावर मी विचारलं, काय राहिलं होतं? "काही नाही," ती म्हणाली. "दुसरी ओळ."

तिचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता, हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी ती दर रविवारी जायला लागली. मराठी स्तोत्रं तिनं रोमन अक्षरांत लिहून घेतली, आणि कोपऱ्याकोपऱ्यांची मापं घ्यावीत तशा काळजीनं एकेक शब्द उच्चारायची. मावशी तिचे उच्चार सुधारायची. त्यामुळं झालं असं, की इंगरचं मराठी अक्कलकोटी झालं. एकदा आमच्या आईनं तिला चहा विचारला तर म्हणाली, "नगं. आत्ताच झाला की." आई महिनाभर हे सगळ्यांना सांगत होती. आईचा विरोध त्या दिवशी संपला.

मी रविवारी जायची नाही. सुट्टीचा दिवस, कपडे धुवायचे असायचे. ही कारणं आज लिहितानाही खोटी वाटतात. खरं म्हणजे त्या दोघींचं जमलं होतं आणि तिथं माझं काम नव्हतं.

इतर कामांमुळं वर्षभर रेंगाळलेलं चर्चचं मोजमाप संपत आलं तेव्हा शिडीवर मी होते. चार कैच्या. पहिली ठीक. दुसरीच्या टोकात, जिथं ती भिंतीवर टेकते तिथं, टोचणी खुपसली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. मी टोचणी काढली, मागं पीठ पडलं. दोन हात अंतरावर पुन्हा खुपसली. पुन्हा तेच. खाली इंगर वही घेऊन उभी होती. "किती?" तिनं विचारलं. मला आकडा सांगवेना.

अहवाल त्या चर्चची मालकी असलेल्या संस्थेकडे जाणार होता. कच्चा मजकूर घेऊन आम्ही इंगरच्या माडीवर बसलो होतो. मी म्हटलं, "दुसऱ्या कैचीचं आत्ता लिहायला नको. आधी दुरुस्तीची सोय बघू, मग लिहू. संस्था दुरुस्ती करणार नाही, सरळ कुलूप लावेल. तिथं एकटी मावशी तर बसते."

"कुठं बसते?"

"म्हणजे?"

"ती नेमकी कुठं बसते, विजया?"

मी नकाशाकडे बघितलं. बाकांच्या जागाही आम्ही काढल्या होत्या. मावशीचा बाक दुसऱ्या कैचीच्या बरोबर खाली होता. आणि वर्षभर रविवारी इंगर तिच्या शेजारीच बसत होती.

अहवाल इंग्रजीत तिनं लिहिला, मराठीत मी. 'दुरुस्तीची तातडीने गरज' असंही लिहिता आलं असतं. मी 'धोकादायक, वापर बंद करावा' असं लिहिलं, कारण इंग्रजीत तसंच होतं.

पंधरा दिवसांत संस्थेचा माणूस आला. त्याची काही चूक नव्हती. सज्जन होता, चप्पल बाहेर काढून आत गेला असं लोक सांगतात. त्यानं नवीन कुलूप लावलं आणि मावशीकडून जुनी किल्लीही मागून घेतली.

रविवारी मी इंगरबरोबर गेले. एवढं तरी करायला हवं होतं. मावशी बंद दाराच्या पायरीवर बसली होती. इंगर पुढं झाली, तशी मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला सांग. तुमी मापं घ्यायला आला आन् माजं देऊळच घिऊन गेला. पांड्याचा बाप मेला तवाबी मी हितंच बसली. आता कुटं बसू?"

पांड्या, म्हणजे पांडुरंग नव्हे, पांडियन; तिचा थोरला. इंगरनं मला विचारलं, काय म्हणाली? तिला बरंचसं कळलं होतं, तरी विचारलं. मी जसंच्या तसं इंग्रजी करून सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. तेव्हा मला वाटायचं, भाषांतर म्हणजे हेच.

इंगर आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. एसटीची वेळ होईपर्यंत बसली. पुढच्या रविवारी एकटी गेली, तशीच झाडाखाली बसली. असे चार रविवार. मधल्या दिवसांत ती संस्थेच्या कार्यालयात खेपा घालत होती, निदान कैचीला खालून टेकू तरी लावू द्या म्हणून. त्यांनी प्रत्येक वेळी चहा दिला. पाचव्या रविवारी आली तेव्हा तिच्या स्कर्टला मागं पायरीची धूळ होती. "ती सरकली," एवढंच म्हणाली. मावशीनं पायरीवर तिला जागा करून दिली होती.

मग सगळी उपासना पायरीवर सुरू झाली. बंद दाराकडे पाठ करून दोघी स्तोत्र म्हणायच्या, एक ओळ हिची, एक तिची. गावातली पोरंटोरं सुरुवातीला हसली, नंतर सवय झाली.

इंगर आयुष्यभर शिड्यांवर चढली आणि पडली ती घरमालकाच्या जिन्यावरून, दुधाची पिशवी घेऊन येताना. खुबा मोडला. डेन्मार्कहून भाची आली. शस्त्रक्रिया तिकडंच करायची ठरली. निघताना इंगरनं खोल्या सोडल्या नाहीत. "सहा महिन्यांत येते," म्हणाली. भांडी धुऊन पालथी घालून गेली.

ती आली नाही. खुबा नीट बसला नाही, मग दुसरं काही निघालं. खोल्या वर्षभरानं मीच रिकाम्या केल्या. काम मी चालू ठेवलं. आता लेझरचं यंत्र आलंय. भिंतीवर ठेवायचं, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीपर्यंतचं माप काचेवर उमटतं. टेपला दोन माणसं लागायची. या यंत्रानं आमच्या धंद्यातलं दुसरं माणूसच काढून टाकलं. अकरा वर्षं मी रिकाम्या चर्चमध्ये लाल ठिपक्याबरोबर काढली. आकडा आला की मोठ्यानं म्हणायची सवय मात्र गेली नाही. म्हणायचे, आणि मग मीच लिहून घ्यायचे.

रविवारी, महिन्यातून एखादा तरी, मी मावशीकडे जायचे. पायरीवर थोडं बसायचे, मग इंगरला फोन लावायचे. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून मावशीला तिथंपर्यंत न्यावं लागायचं. पडद्यावर इंगर दिसली की मावशी ओरडायची, "ए इंग्रजबाई, जेवली का?" आणि इंगर तिकडून, "व्हय, जेवली की." एवढंच संभाषण. दोघींना पुरायचं.

एका पावसाळ्यात बुधवारी दुपारी चर्चचं छप्पर खाली आलं. रविवारी आलं असतं तर ही गोष्ट मी जास्त मोठ्यानं सांगितली असती. मी गेले, बाहेरूनच बघितलं आणि इंगरला फोन केला.

"कुठली?" तिनं विचारलं.

"दुसरी आधी गेली असणार. तिच्यापाशीच सगळं खचलंय."

"आणि ती?"

"घरी होती. ज्वारी निवडत होती."

मग म्हणाली, "आपलं बरोबर निघालं, असं तिला म्हणू नकोस."

मी म्हटलं नाही. मावशीनंही त्यावर कधी काही म्हटलं नाही. पडलेल्या चर्चचे नकाशे मात्र पुन्हा काढले, जे उरलं होतं त्याचे. मावशी झाडाखाली बसून बघत होती. लेझरचा ठिपका तिच्या लुगड्यावर पडला तर झटकून टाकायची.

गेल्या हिवाळ्यात भाचीचा निरोप आला. इंगर गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं होतं. ज्या गावचं चर्च तिनं तरुणपणी पहिल्यांदा मोजलं होतं, त्याच्याच आवारात तिला पुरलं होतं. मी निरोप दोनदा वाचला आणि उठून नेहमीची एसटी पकडली. बुधवारच होता की काय, आठवत नाही, पण रविवार नव्हता, त्यामुळं मला बघूनच मावशी समजली. घराच्या उंबऱ्यात बसली. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले.

मग विचारलं, "तिला कुटं ठिवलं?"

मी सांगितलं.

"देवळापाशी व्हय. बरं झालं." मग थांबून म्हणाली, "तितं ऐतवारी कोन असतं का गं? का हितल्यावानीच?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. त्याच संध्याकाळी भाचीला लिहिलं. तिनं दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं, सविस्तर, इंगरसारखीच नीट माणूस असावी. चर्च अजून उत्तम स्थितीत आहे. छप्पर नुकतंच दुरुस्त केलंय. पण गावात आता फारसं कुणी राहत नाही. उपासना महिन्यातून एकदाच होते, तीही कुणी आलं तर. बाकीचे रविवार दार बंदच असतं.

पुढच्या रविवारी मी मावशीकडे गेले. ती पायरीवर बसली होती. मागं छप्पर नसलेल्या भिंती आणि वर उघडं आभाळ. मी शेजारी टेकले.

"आलं का उत्तर?"

"आलं."

"काय म्हनली भाची? असतं का कोन?"

मी आयुष्यभर जे बघितलं, मोजलं, तेवढंच लिहिलं होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"असतात की, मावशी," मी म्हटलं. "लई माणसं असतात. बाकं पुरत नाहीत."

"काय सांगती!"

"हो. मागं उभे राहतात लोक."

मावशीनं लुगड्याचा पदर सारखा केला. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मग बरं हाय," ती म्हणाली. "मग तिला हितली आटवन येनार न्हाय."